लठ्ठपणाची शस्त्रक्रिया आणि आपले स्वयंपाकघर

ज्या पिढीने १९७२ चा दुष्काळ पाहिला, दुष्काळी कामावर खडी फोडली आणि सुकडीवर दिवस काढले, त्या पिढीच्या लेखी अंगाने भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा माणूस. मराठवाड्यात सोयरिकीच्या बैठकीत हा शब्द आजही कौतुकानेच उच्चारला जातो. अशा प्रदेशात एखाद्याने वजन उतरविण्यासाठी पोटावर शस्त्रक्रिया करून घेण्याचा विचार बोलून दाखविला, तर ऐकणारे आधी हसतात आणि मग उपदेश करतात. तोंडाला कुलूप लाव म्हणजे झाले, हा त्या उपदेशाचा सारांश असतो. उमरी व आसपासच्या गावांतील घरांत आमचा जो वावर आहे, त्यात गेल्या काही वर्षांत हा विषय आमच्यापुढे वारंवार आला. तो बहुधा दोन प्रश्नांच्या रूपाने येतो. "फादर, हे पाप तर नाही ना?" हा पहिला, आणि "तयारी काय करायची?" हा दुसरा. पहिल्याचे उत्तर देणे हे आमचे कामच आहे. दुसऱ्याचे उत्तर डॉक्टरांनी द्यावयाचे. परंतु रुग्ण शहरातून परतल्यावर घरात काय घडते, हे डॉक्टरांपेक्षा आम्हां धर्मगुरूंना अधिक जवळून दिसते. म्हणून या दोन्ही प्रश्नांविषयी चार शब्द लिहीत आहोत.

सात प्रमुख पापांत खादाडपणाची गणना होते, हे लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात आपण सर्वांनी पाठ केलेले आहे. पण खादाडपणा म्हणजे लठ्ठपणा, असे ख्रिस्तसभेने कधीही शिकविलेले नाही. पोप संत ग्रेगरी यांनी या पापाचे पाच प्रकार सांगितले: वेळेआधी खाणे, महागडेच खाणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे आणि अन्नाचे फाजील चोचले करणे. संत थॉमस अक्वायनस यांनी त्याचे मूळ अन्नाच्या बेशिस्त वासनेत दाखविले. वजनकाट्याचा उल्लेख यात कोठेच नाही. सडपातळ माणूस खादाड असू शकतो आणि स्थूल माणूस मिताहारी असू शकतो. खुद्द संत थॉमस देहाने स्थूल होते, असे परंपरा सांगते. तेव्हा पापनिवेदनास येणाऱ्या बहिणीने आपले वजन आपल्या पापांच्या यादीत घालण्याचे कारण नाही.

वैद्यकशास्त्र याच्याही पुढे जाते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचे आणि आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन यांचे छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण सुमारे ९ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात सुमारे २१ टक्के निघाले. आपल्याकडील माणूस दिसण्यात बारीक असला तरी आत चरबी बाळगून असतो, आणि म्हणून मधुमेह त्याला लवकर गाठतो. आनुवंशिकता, झोप, काही औषधे, थायरॉईडचे विकार, मनावरील ताण या सर्वांचा वजनात वाटा असतो. शिवाय उपाशी राहून वजन उतरविले की शरीर भूक वाढवून ते पुन्हा मिळविण्याचा प्रयत्न करते. केवळ निग्रह कमी पडला म्हणून वजन वाढले, असे म्हणणाऱ्याला शरीराची ही रचना ठाऊक नसते.

या अज्ञानातून येणारी कुचेष्टा किती दूर जाते, याचे उदाहरण २०१७ साली सर्वांनी पाहिले. मुंबईच्या निवडणूक बंदोबस्तावर थट्टा करण्यासाठी एका स्थूल पोलीस निरीक्षकाचे छायाचित्र समाजमाध्यमावर टाकण्यात आले. तो गृहस्थ मुंबईचा नव्हता, मध्य प्रदेशचा होता. आणि आपले वजन आजारामुळे वाढले आहे, असे त्याने उत्तर दिले. पुढे मुंबईतच त्याच्यावर शस्त्रक्रिया झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत इजिप्तमधील इमान अहमद या महिलेला विमानाने मुंबईत आणण्यात आले, मार्चमध्ये शस्त्रक्रिया झाली, मे महिन्यात तिला अबू धाबीला हलविले आणि सप्टेंबरमध्ये तेथे तिचे निधन झाले. तिच्या वजनाचे आकडे वर्तमानपत्रांत रोज छापून येत होते. याउलट नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली आणि त्याबद्दल ते मोकळेपणाने बोलत आले आहेत. शस्त्रक्रिया चमत्कार नाही आणि फजितीही नाही. दीर्घ आजारावरील ती एक पायरी आहे, एवढे या तिन्ही उदाहरणांवरून ध्यानात यावे.

ही शस्त्रक्रिया कोणासाठी? किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, त्याला बीएमआय म्हणतात. पाच फूट एक इंच, म्हणजे सुमारे १५५ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे वजन ९० किलो असेल, तर हा आकडा ३७.५ येतो, ७८ किलो असेल, तर ३२.५. भारतात अनेक वर्षे सोबत मधुमेहासारखा आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ हा दंडक धरला जात असे. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच विचार करता येतो. विमा कंपन्यांचे गणित मात्र वेगळे आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या नियमांत बीएमआय ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, ही अट आहे. खर्च काही लाखांच्या घरात जातो. म्हणून शेत गहाण टाकण्याआधी विमा कंपनीकडून मंजुरी लेखी मागून घ्यावी.

शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक प्रचारात आहेत. स्लीव्ह या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात व नळीसारखा भाग ठेवतात. काढलेला भाग परत बसविता येत नाही. बायपास या प्रकारात जठराचा लहानसा कप्पा करून तो आतड्याला पुढे जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. पोट लहान होते एवढाच त्यांचा परिणाम नाही; भुकेचे संदेश देणारे अंतःस्राव बदलतात, आणि मधुमेह तर काही दिवसांतच उतरू लागतो. मूळ वजनाचा चौथा ते तिसरा हिस्सा साधारण वर्ष-दीड वर्षात कमी होतो. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या आणि चार हजारांहून अधिक रुग्णांच्या पाहणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रिया केलेल्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळले. २०२५ पासून वजन उतरविणारी नवी इंजेक्शनेही भारतात मिळू लागली आहेत. ती बंद केली की वजन बहुधा परत येते. तरीही शस्त्रक्रियेपूर्वी त्यांविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.

आता तयारी. शक्य तर दोन महिने हातात ठेवावेत. तंबाखू, विडी, गुटखा शस्त्रक्रियेपूर्वी निदान सहा आठवडे पूर्ण बंद हवा. आमच्या भागातील पुष्कळ भगिनी मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी विचारले की "तंबाखू खात नाही" असे सांगतात. मिश्री तंबाखूच आहे. ती जखम भरू देत नाही. घोरण्याची व झोपेत श्वास अडकण्याची तक्रार असेल, तर ती लपवू नये, कारण भूल देताना तिचा संबंध येतो. साखर, थायरॉईड, लोह, ड आणि ब-१२ जीवनसत्त्व यांच्या रक्ततपासण्या, सोनोग्राफी आणि जठराची एंडोस्कोपी यांपैकी बरेचसे नांदेडला होऊ शकते. कागद एका पिशवीत क्रमाने लावून ठेवावेत. शेवटचे दोन आठवडे कमी पिष्टाचा व भरपूर प्रथिनांचा आहार देतात. त्याने यकृत आकसते आणि सर्जनला जठरापर्यंत पोहोचणे सोपे जाते. "ऑपरेशननंतर खायला मिळणार नाही, आता खाऊन घे" असे म्हणत या पंधरवड्यात पुरणपोळीचे जेवण घालणारे आप्त आम्ही पाहिले आहेत. त्यांचे प्रेम खरे असते, पण त्या प्रेमाने शस्त्रक्रिया अवघड होते.

मनाचीही तयारी लागते. दुःखात, एकटेपणात अन्नाचा आधार घेण्याची ज्याला सवय असते, त्याचा तो आधार एका दिवसात काढून घेतला जातो. काही जण मग उदास होतात, काही दारूकडे वळतात. आणि या शस्त्रक्रियेनंतर दारू फार लवकर चढते. म्हणून समुपदेशकाची भेट ही केवळ औपचारिकता समजू नये.

शस्त्रक्रियेनंतर बहुधा त्याच दिवशी चालावयास लावतात. पायांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हे असते. दुखते म्हणून टाळू नये. दोन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो, आणि येथून पुढचे काम शहराच्या हाती राहत नाही. हैदराबाद असो वा पुणे, सर्जन तेथेच राहतो. रुग्ण उमरीच्या स्टेशनवर उतरतो. बरे होणे आता आपल्या चुलीपाशी व्हावयाचे असते.

पहिले दोन आठवडे पातळ पदार्थ: वरणाचे गाळलेले पाणी, ताक, साय काढलेले दूध, गाळलेले सूप. घोट घोट करून दिवसभरात दीड ते दोन लिटर द्रव पोटात जावयास हवा. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात याची विशेष काळजी घ्यावी. शक्य असल्यास एप्रिल-मे टाळावा. पुढचे दोन आठवडे घोटलेले अन्न: आंबील, घोटलेले वरण, मऊ दही, मऊसर अंडे. त्यानंतर मऊ भाज्या, मासळी, शिजलेली डाळ. दीड-दोन महिन्यांनी नेहमीचे अन्न अल्प प्रमाणात. भाकरी वरणात कुस्करून, अगदी थोडी. घशात अडकणारा भाताचा किंवा मऊ चपातीचा गोळा सर्वांत त्रासदायक. प्रत्येक रुग्णालयाचे वेळापत्रक थोडे वेगळे असते, तेव्हा आपल्या डॉक्टरांचा कागदच अखेरचा मानावा.

काही नियम मात्र जन्मभराचे. ताटात प्रथिने आधी, भाजी नंतर, भाकरी शेवटी. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने लागतात. एका अंड्यात सुमारे ६ आणि पाव लिटर दुधात सुमारे ८ ग्रॅम असतात, यावरून हिशेब करावा. प्रत्येक घास वीस-तीस वेळा चावावा. जेवताना पाणी पिऊ नये, नंतरही अर्धा तास थांबावे. बायपास झालेल्याने गोड खाल्ले, तर घाम, धडधड, पोटात कळा असा त्रास होऊ शकतो. ब-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर चालतात; बरे वाटते म्हणून त्या बंद करू नयेत. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे लगेच कमी करावी लागतात, पण तीही डॉक्टरांनीच. गुडघे दुखतात म्हणून औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेणे विशेषतः बायपासनंतर धोक्याचे, कारण त्याने जठराला व्रण होतो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात. ते बहुधा पुन्हा येतात. तरुण विवाहितांनी बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला असतो. वजन उतरताना पाळीचे चक्र बदलते आणि गर्भधारणेची शक्यता वाढते, म्हणून नैसर्गिक पद्धती पाळणाऱ्या दांपत्यांनी या काळात अधिक जपावे व डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावे.

आता एक अनुभव. आमच्या परिचयातील एका शिक्षिकेच्या संमतीने तो सांगतो, नाव देत नाही. वजन १०४ किलो, मधुमेह, दोन्ही गुडघे गेलेले. शाळेचा जिना चढताना मुले मागे थांबत, याचे त्यांना फार वाटे. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या महिन्यात उलट्या सुरू झाल्या. घरातील वडीलधारी म्हणाली, "पोट कापलंय, उलट्या होणारच." दहा-बारा दिवस असेच गेले. मग बाई चालताना तोल जाऊ लागल्या आणि एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या. बारावीत शिकणारी मुलगी तेवढी घाबरली. रुग्णालयाने दिलेला कागद तिने पुन्हा वाचला. वारंवार उलट्या झाल्यास ब-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मेंदूला इजा होऊ शकते, असे त्यात लिहिले होते. तिने आईला त्याच रात्री नांदेडला नेले आणि सलाईन लावण्याआधी तो कागद डॉक्टरांपुढे धरला. ग्लुकोजच्या आधी ब-१ चे इंजेक्शन द्यावे लागते. ते दिले गेले. बाई वाचल्या आणि आज शाळेत शिकवितात. तेव्हापासून आम्ही प्रत्येक कुटुंबाला सांगतो की तो कागद कपाटात ठेवू नका, स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. त्यावर ठळक अक्षरांत लिहा: सतत उलट्या, ताप, पोटात वाढती कळ, छातीची वेगवान धडधड, धाप, एका पायाला सूज. यांपैकी काहीही दिसले, तर सकाळची वाट पाहू नये.

धर्माचरणाविषयीही लोक विचारतात. गंभीर आजारामुळे शस्त्रक्रिया होणार असेल, तर तिच्या आधी रुग्णाभ्यंग संस्कार घेता येतो. तो केवळ मरणाऱ्यांसाठी नाही. ख्रिस्तप्रसादापूर्वी एक तास उपवास करावा, पण पाणी व औषध चालते, आणि आजारी व्यक्तींना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना त्या तासाचेही बंधन नाही, असे १९८३ च्या कायदेसंहितेत स्पष्ट आहे. पहिल्या आठवड्यांत घन पदार्थ गिळणे वर्ज्य असेल, तर आपल्या धर्मगुरूंशी बोलावे. गरज असल्यास केवळ द्राक्षारसाच्या रूपातही ख्रिस्तप्रसाद देता येतो. राखेच्या बुधवारी व उत्तम शुक्रवारी या रुग्णांनी उपवास करून पाण्याचे व प्रथिनांचे प्रमाण मोडू नये. त्यांचा वर्षभराचा आहारच पुरेसा संयमाचा असतो.

मोठी कसोटी मात्र पंक्तीत लागते. नाताळ, बारसे, लग्न, चाळिसावा. आपल्याकडे प्रेम ताटातूनच व्यक्त होते. "एक पुरी खाल्ल्यानं काय होतंय, वहिनी?" या वाक्याने पुष्कळांचे वर्षभराचे श्रम वाया जातात. ज्या घरात रुग्णासाठी वेगळे आणि इतरांसाठी वेगळे शिजते, तेथे दीड वर्षाने वजन पुन्हा चढू लागलेले आम्ही पाहिले आहे. ज्या घरात तळण सर्वांसाठीच कमी झाले, नवरा संध्याकाळी सोबत चालू लागला, सासूने चहातील साखर स्वतःही कमी केली, तेथे वजन टिकले, आणि सासूचा मधुमेहही आटोक्यात आला.

याईराच्या मुलीची गोष्ट आपण अनेकदा ऐकतो. बारा वर्षांची ती मुलगी उठून चालू लागली, सर्व थक्क झाले. आणि तेव्हा प्रभूने घरच्यांना सांगितले की तिला काही खावयास द्या. उठविण्याचे काम त्याने स्वतः केले, आणि खाऊ घालण्याचे घरच्यांवर सोपविले. आपल्या गावात अशी शस्त्रक्रिया करून कोणी परत आले, तर भेटावयास जाताना पेढे नेऊ नयेत. ताकाचा तांब्या न्यावा, घटकाभर बसावे, आणि वजन किती उतरले हे विचारू नये. तब्येत कशी आहे एवढेच विचारावे.